देवी गेली, धनुर्वात का जात नाही?

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ आहेत. याच ठिकाणी एकेकाळी देवी या रोगाची लस तयार व्हायची. देवीच्या नात्यातला एक सौम्य विषाणू वासरांच्या कातडीवर वाढवत. तो टोचला की शरीर जी प्रतिपिंडं, म्हणजे रोगाला अडवणारी प्रथिनं, बनवी, तीच देवीच्या विषाणूलाही अडवत. आजीच्या दंडावरचा तो खोलगट व्रण त्याचाच. देवीचा विषाणू माणसाखेरीज कुठे राहत नसे. रुग्णाच्या आसपासचे लोक शोधून त्यांना लस टोचत गेले, तसा त्याला पुढचा माणूस मिळेना. भारतात शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, १९८० मध्ये सारं जग देवीमुक्त जाहीर झालं. लस न घेतलेलेही त्यात वाचले. हीच सामूहिक प्रतिकारशक्ती.

धनुर्वाताच्या बाबतीत हा आधार नाही. त्याच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे सुप्तावस्थेतले चिवट जंतू, मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं टिकतात आणि रोग माणसाकडून माणसाला होत नाही. सगळ्या गावानं लस घेतली तरी न घेतलेला एकटा उघडाच. खानापूरकडे भात कापताना विळा लागतो, चिकोडी-निपाणीकडे ऊस तोडताना कोयता, गोठ्यात गंजका खिळा पायात घुसतो. त्या जखमेत शेजाऱ्याची लस कामाला येत नाही.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे धनुर्वातातून वाचलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो. जंतूचं विष इतकं जहाल, की जीव घेणारी मात्रासुद्धा शरीराला त्याची ओळख पटवायला अपुरी पडते. लशीत तेच विष निरुपद्रवी करून भरपूर दिलेलं असतं, म्हणून इथं रोगापेक्षा लस सरस ठरते.

गरोदर बाईला टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस, दिली की तिची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. नाळ कापतानाचा धोका त्यामुळे टळतो. भारतात नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, त्यात या इंजेक्शनचा मोठा वाटा आहे. पण ही शक्ती उसनी असते, काही महिन्यांत ओसरते. म्हणून दीड महिन्यापासून बाळाचे स्वतःचे डोस सुरू होतात. घाण, खोल जखमेवर डॉक्टर कधीकधी तयार प्रतिपिंडं टोचतात, तीही थोडे आठवडेच पुरतात.

सरकारी वेळापत्रकातला शेवटचा डोस सोळाव्या वर्षी असतो. पुढे बाईला गरोदरपणात तरी टीडी मिळते, शेतात राबणाऱ्या पुरुषाला कोणी विचारत नाही. शेवटच्या डोसाला दहा वर्षं झाली असतील, तर सरकारी दवाखान्यात जाऊन टीडी मागून घ्या. जखम व्हायची वाट बघू नका.