स्ट्रॉबेरीचं लाल पाणी मोरीत ओतू नका

फेब्रुवारीत सापुतारा-वणी रस्त्याने नाशिककडे परतणाऱ्या गाड्यांमध्ये स्ट्रॉबेरीचे खोके हमखास दिसतात. सुरगाणा आणि कळवण तालुक्यांत हे पीक आता चांगलं रुजलं आहे. रस्त्याकडेच्या ताज्या फळांच्या मोहात पडून माणूस गरजेपेक्षा दोन खोके जास्तच घेतो आणि उरलेली फळं फ्रीजरमध्ये जातात. मे महिन्यात ‘डोंगरची काळी मैना’ येते, जूनमध्ये जांभळं येतात. त्यांचीही रवानगी तिकडेच. मग एखाद्या रविवारी पिशवी बाहेर निघते. दुपारपर्यंत फळं लिबलिबीत होतात, खाली लाल पाणी साचतं. ते मोरीत ओतलं जातं, उरलेल्या गराचा जॅम पातळ होतो आणि निष्कर्ष निघतो: फ्रीजरमधल्या फळांत दम राहत नाही.

दम फळातून गेलेला नसतो. त्यातला बराचसा मोरीत गेलेला असतो.

स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असतं. गोठताना पाण्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. घरच्या फ्रीजरमध्ये फळं सावकाश गोठतात आणि सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात. हे स्फटिक पेशींची पटलं फाडतात, पेशीभित्तींची वीणही उसवतात. बर्फ वितळला की फाटलेल्या पेशींतलं सगळं बाहेर झिरपतं. त्या लाल पाण्यात फळाची साखर असते, सायट्रिक आम्ल असतं, लाल रंग देणारी अँथोसायनिन असतात, सुगंधी द्रव्यं असतात. म्हणजे पाण्यासारखा दिसणारा हा चक्क फळाचा रस आहे. ताज्या फळातून रस काढण्यासाठी ते ठेचावं लागतं, इथे ते काम बर्फाने आधीच करून ठेवलेलं असतं. जेली करणाऱ्याला तर ही सोयच आहे.

पण या रसात एक गोष्ट पुरेशी उतरत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. ती गोष्ट म्हणजे जॅम-जेली घट्ट करणारं पेक्टिन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये या पदार्थाला हे नाव दिलं. वनस्पतींच्या शेजारशेजारच्या पेशींना जोडून ठेवणारा थर मुख्यतः पेक्टिनचा असतो. कच्च्या फळात ते पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात भित्तीला पक्कं चिकटलेलं असतं. फळ पिकताना विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात, म्हणून फळ मऊ पडतं. जॅमसाठी पेक्टिनच्या लांब साखळ्या हव्या असतात. त्या गरात अडकलेल्या असतात आणि बऱ्याचशा उष्णता व आम्ल यांच्या मदतीनेच सुटतात. रस ओतून दिला तर आम्ल जातं. रस ठेवला पण गर न उकळताच गाळून टाकला, तर पेक्टिन जातं.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. पेक्टिनची साखळी गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या शेकडो कड्यांची बनलेली असते. प्रत्येक कडीवर एक कार्बॉक्सिल गट असतो. यातले बरेच गट मिथाइल एस्टरच्या रूपात, म्हणजे झाकलेले असतात. बाकीचे उघडे गट पाण्यात प्रोटॉन सोडून देतात आणि ऋणभारित होतात. सगळ्या साखळ्यांवर ऋणभार, त्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात. शिवाय प्रत्येकीभोवती पाण्याच्या रेणूंचं आवरण असतं. अशा स्थितीत कितीही उकळलं तरी काढाच होणार.

इथे लिंबू कामाला येतं. पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप (जितकं कमी तितकं आंबट), ३.५ च्या खाली गेला की द्रावणातले प्रोटॉन त्या उघड्या गटांवर परत बसतात, ऋणभार कमी होतो आणि साखळ्या जवळ येऊ शकतात. साखर दुसरं काम करते. ती पाण्याचे रेणू स्वतःकडे ओढून घेते आणि साखळ्यांभोवतीचं आवरण विरळ होतं. मग साखळ्यांचे काही भाग हायड्रोजन बंधांनी आणि मिथाइल गटांच्या पाणी टाळण्याच्या प्रवृत्तीने एकमेकींना धरतात. सगळी लांबी चिकटत नाही, ठरावीक जागीच सांधे होतात. द्राक्षबागेच्या मांडवात तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच बांधलेल्या असतात आणि मधे मोकळे चौकोन राहतात, तसंच हे त्रिमित जाळं असतं. त्या मोकळ्या जागांत साखरपाणी अडकून बसतं. जेली म्हणजे अडवलेलं द्रव. एखाद्या टक्क्याच्या आसपास पेक्टिन एवढं सगळं पाणी पेलून धरतं, हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

निम्म्याहून अधिक गट एस्टर स्वरूपात असलेल्या पेक्टिनचं हे वर्णन आहे. त्याहून कमी एस्टर असतील तर जाळं कॅल्शियमच्या आयनांनी सांधलं जातं आणि त्याला एवढी साखर लागत नाही. कमी साखरेचे जॅम या प्रकारावर बनतात. फळातलं पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर पहिल्या प्रकाराचं हळूहळू दुसऱ्यात रूपांतर करतं आणि पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज साखळ्याच तोडतं. गोठवल्याने विकरं मरत नाहीत, फक्त मंदावतात. पेशी फाटलेली, विकर मोकळं, पेक्टिन समोर आणि वर चार-पाच तासांची नाशिकची उबदार दुपार. या वेळेत पेक्टिनचं नुकसान होतं. म्हणून गोठलेली फळं ओट्यावर वितळवत बसू नका. पिशवीतून थेट जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात टाका, तळाला लागू नये इतकंच पाणी घाला आणि लवकर उकळी आणा. उकळत्या तापमानाला ही विकरं निकामी होतात.

पुस्तकांतला एक आकडा इथे जसाच्या तसा वापरून चालत नाही. जॅम १०५ अंश सेल्सिअसला तयार होतो असं लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं गणित आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. आपल्याला विरघळलेले घनपदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, ६५ टक्क्यांवर न्यायचे असतात. त्या वेळी मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा साधारण ५ अंशांनी वर असतो. म्हणजे इथे १०३ पुरे. १०५ ची वाट पाहिली तर साखर गरजेपेक्षा आटते, रंग काळवंडतो आणि फार वेळ उकळल्याने पेक्टिनच्या साखळ्याही तुटू लागतात.

थर्मामीटर नसेल तर वजनकाटा वापरा, तो जास्त भरवशाचा. १ किलो स्ट्रॉबेरीत सुमारे ९० ग्रॅम घनपदार्थ, त्यात ७५० ग्रॅम साखर, एकूण ८४०. हे ६५ टक्के व्हायचे तर जॅमचं वजन १.३ किलोच्या आसपास यायला हवं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा.

पाळीच्या दिवसांत बाईने बरणीला हात लावला की लोणचं-मुरंबा नासतो, असं अजूनही कितीतरी घरांत मुलींना सांगितलं जातं. हे धादांत खोटं आहे. जॅम टिकतो कारण साखरेने पाणी बांधून ठेवलेलं असतं आणि सूक्ष्मजीवांच्या वाट्याला ते येत नाही. तो नासतो ओल्या चमच्याने, कमी आटवल्याने किंवा झाकणाखाली वाफेचे थेंब जमून वरचा थर पातळ झाल्याने. बुरशीला पाणी लागतं, हात कुणाचा याच्याशी तिचं देणंघेणं नाही. जांभळाचा जॅम मधुमेहींसाठी ‘औषधी’ म्हणून विकणाऱ्यांनाही विचारावं, त्यात साखर किती?

आता फळ वाया न घालवण्याची युक्ती. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं. अर्धवट पिकलेल्या करवंदांत पेक्टिन आणि आम्ल दोन्ही भरपूर असतात. दोघांच्या हंगामात तीन महिन्यांचं अंतर आहे, आणि ते फ्रीजर मिटवतो.

आधी करवंदांची जेली. गोठलेली करवंदं जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवा आणि मलमलच्या फडक्यात टांगून ठेवा. फडकं पिळू नका, नाहीतर गराचे कण उतरून जेली गढूळ होते. चोथ्यात अजून पेक्टिन असतं. तो निम्म्या पाण्यात पुन्हा दहा मिनिटं उकळा, पुन्हा टांगा आणि दोन्ही रस एकत्र करा. रसाची ताकद पाहायला गार झालेला चमचाभर रस चमचाभर स्पिरिटमध्ये घाला. एकसंध गोळा जमला तर रसाइतकीच साखर घ्या, तुकडे झाले तर पाऊणपट, बारीक कणच दिसले तर निम्मी. तो नमुना चाखू नका, स्पिरिट विषारी असतं. मग साखर घालून मोठ्या आचेवर आटवा आणि जेली चमच्यावरून थेंबाथेंबाने न गळता पापुद्र्यासारखी पडू लागली की उतरवा.

फडक्यात उरलेला चोथा चाळणीवर घासला की बिया आणि सालं वर राहतात, खाली दाट आंबट गर येतो. हा गर गोठलेल्या स्ट्रॉबेरीच्या जॅममध्ये घाला. किलोला वाटीभर पुरतो, लिंबूही कमी लागतं. करवंदं नसतील तर कवठाचा किंवा पेरूचा गर चालतो. कवठ तर महाशिवरात्रीच्या सुमारास, स्ट्रॉबेरीच्याच दिवसांत मंडईत असतं.

जांभळांचं तंत्र थोडं वेगळं. त्यातल्या टॅनिनमुळे जीभ आखडते आणि बिया फुटल्या तर तुरटपणा आणखी वाढतो. म्हणून मिक्सर नको, शिजल्यावर हाताने गर सोडवा. शिजलेला गर इतर फळांचा जॅम करूनही उरला, तर निम्मी साखर घालून तो पातेल्याची कड सोडेपर्यंत परता, तूप लावलेल्या ताटात थापा आणि गार झाल्यावर वड्या पाडा.