स्प्लिट एसीचे कॉपर पाइपिंग

स्प्लिट एसीचा खोलीतला भाग आणि बाहेरचा भाग तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडून त्यांतून प्रशीतक, म्हणजे रोजच्या बोलीतला ‘गॅस’, फिरता करण्याच्या कामाला कॉपर पाइपिंग म्हणतात. आत लावायच्या भागाला इनडोअर आणि बाहेरच्याला आउटडोअर ही नावे आता मराठीत रुळली आहेत. फ्रिज किंवा खिडकीत बसणारा एसी कारखान्यातून सीलबंद येतो. त्याची वायर जोडली की काम झाले. स्प्लिट एसी मात्र अर्धवट अवस्थेत घरी येतो. त्याची शेवटची काही मीटर नळी आणि चार सांधे भिंतीपाशी, शिडीवर किंवा छज्ज्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून तयार होतात. यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यावर ग्राहक महिनाभर विचार करतो आणि हे काम तासाभरात कसे उरकले जाते ते बघतही नाही. गॅस गळण्याच्या तक्रारींत पहिला संशय या चार सांध्यांवरच घ्यावा लागतो.

दोन नळ्यांपैकी एक बारीक असते, एक जाड. घरगुती एसीत बारीक नळी बहुधा पाव इंची (६.३५ मिमी) असते, कारागीर तिला ‘दोन सूत’ म्हणतात, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जाड नळी एक टनाला साधारण तीन सूत, दीड टनाला बहुतेक वेळा चार सूत आणि दोन टनाला पाच सूतही लागते. नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत असते आणि तेच पाळायचे असते. (टनाचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते तितकी खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट.)

बारीक नळीला ‘लिक्विड लाइन’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि त्यातून एक गैरसमज होतो. अमेरिकेतल्या सेंट्रल एसीत प्रशीतकाचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह घरातल्या कॉइलपाशी असतो. त्यामुळे तिथे बारीक नळीतून कोमट द्रव वाहतो आणि ती उघडी ठेवली तरी चालते. आपल्याकडच्या स्प्लिटमध्ये हा दाब उतरवण्याचे काम, मग ते कॅपिलरीने, म्हणजे केसासारख्या बारीक नळीने, होवो वा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हने, बहुतेक करून आउटडोअरमध्येच उरकलेले असते. म्हणून दोन्ही नळ्या गार असतात आणि दोन्हींना वेगवेगळे इन्सुलेशन चढवावे लागते. दोघींना एकाच फोममध्ये कोंबले तर येणारा थंडावा आणि परत जाणारा वायू एकमेकांनाच तापवतात-निववतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होते तो, २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे उघड्या राहिलेल्या बोटभर नळीवरूनही पाणी ठिबकते. भिंतीवरचा पिवळा ओघळ बघून घरमालक ‘एसी लीक’ म्हणतात तो पुष्कळदा हाच असतो. हिवाळ्यात गरम हवा देणाऱ्या ‘हॉट अँड कोल्ड’ एसीत, म्हणजेच हीट पंपात, चक्र उलटे फिरते आणि जाड नळीतून तापलेला वायू वाहतो. तिथे साध्या स्वस्त फोमऐवजी उष्णता सोसणारे नायट्राइल रबराचे आवरण घ्यावे.

नळीसाठी मऊ केलेले, वेटोळ्यात येणारे तांबे वापरतात. भिंतीची जाडी ०.७ ते ०.८ मिमी असावी. त्याहून पातळ नळी फुटावर स्वस्त मिळते आणि वाकवताना चपटते. वळण द्यायला बेंडर किंवा निदान स्प्रिंग हवी. गुडघ्यावर दाबून दिलेल्या वळणाला खाच पडते आणि तिथे प्रवाह अडतो. एकदा दिलेले वळण सरळ करून पुन्हा वाकवणेही वाईट, कारण तांबे मार खाऊन कडक होते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मठारून कडक झालेले भांडे कारागीर भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो. शिडीवर ती सोय नसते.

भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडतात, नाहीतर पावसाचे पाणी नळीच्या अंगाने खोलीत येते.

या कामातला कसोटीचा भाग म्हणजे फ्लेअर. नळी करवतीने न कापता चाकाच्या कटरने कापायची. तोंड खाली धरून आतली कोर साफ करायची, म्हणजे तांब्याचा कीस नळीत पडत नाही. मग नट आधी आत सरकवायचा (हे विसरून फ्लेअर केलेला आणि स्वतःवरच चिडलेला माणूस प्रत्येक साइटवर दिसतो) आणि फ्लेअरिंग टूलने तोंड ४५ अंशांत कर्ण्यासारखे फुलवायचे. हा कर्णा व्हॉल्व्हच्या शंकूवर बसतो आणि धातूवर धातू दाबून सांधा बंद होतो. मध्ये वॉशर नाही, टेप नाही. म्हणूनच कडेला चीर, आत ओरखडा किंवा एका बाजूला जास्त फुलवलेली कड असेल तर कितीही आवळून उपयोग नसतो. नट आधी हाताने फिरवून मग दोन पान्यांनी आवळतात. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि अर्धा इंचीला ४९ ते ६१ न्यूटन-मीटर इतका पीळ सांगितला जातो. हा पीळ मोजणारा टॉर्क पाना बाळगणारे कारागीर थोडे. बाकीचे ‘हाताच्या अंदाजावर’ चालतात. अंदाज चुकतो तो बहुधा जास्तीच्या बाजूला. मग कर्णा चिरडून पातळ होतो, त्या दिवशी गळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात खोली थंड होईनाशी होते.

नळी कमी पडली तर मध्ये जोड द्यावा लागतो. तांब्याला तांबे जोडायला फॉस्फरसयुक्त काडीने ब्रेझिंग करतात, म्हणजे काडी वितळवून सांधा भरतात; त्याला फ्लक्स, म्हणजे धातू साफ ठेवणारे रसायन, लागत नाही. मात्र त्या वेळी नळीतून नायट्रोजनची मंद धार चालू हवी. ती नसली तर आतल्या अंगाला काळी खपली धरते आणि सुटून कॅपिलरीत अडकते. घरगुती कामात नायट्रोजनचा सिलिंडर क्वचितच वर येतो, विशेषतः लिफ्ट बंद असेल तेव्हा.

सांधे झाले की नळीत आणि इनडोअरमध्ये अडकलेली हवा काढायची असते. ही हवा द्रवरूप होत नाही, आउटडोअरमध्ये जागा अडवून दाब वाढवते. तिच्यातली वाफ त्याहून घातक. आजच्या गॅसबरोबर चालणारे एस्टर जातीचे कृत्रिम तेल पाणी शोषून घेते आणि त्यातून आम्ल तयार होऊन गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या मोटरमधल्या तारांच्या वेटोळ्याला, म्हणजे वायंडिंगला, खाते. उपाय म्हणजे व्हॅक्यूम पंप. हवेचा दाब ७६० मिमी पारा असतो. पाणी २५ अंशांना उकळायला तो २४ मिमीपर्यंत उतरावा लागतो आणि चांगल्या कामात तो अर्ध्या मिमीवर, म्हणजे ५०० मायक्रॉनवर नेतात. साध्या गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा त्याच्या कितीतरी आधीच तळाला टेकतो, म्हणून मायक्रॉन गेज हवा. पंप बंद केल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती आहे. त्याआधी नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघितला असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पंप गाडीतच राहतो. आउटडोअरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून, त्यातल्याच गॅसने हवा ढकलून बाहेर काढतात आणि त्याला ‘हवा काढली’ म्हणतात. आर-२२च्या जमान्यात ही सवय लागली. तो गॅस ओझोनला मारक म्हणून मॉन्ट्रिअल करारानुसार (१९८७) टप्प्याटप्प्याने बाजूला पडला. त्यानंतर आर-४१०ए आणि आता आर-३२ आला. काही यंत्रांत आर-२९०, म्हणजे प्रोपेन, असतो. आर-३२चा दाब त्याच तापमानाला आर-२२च्या दीडपटीहून जास्त असतो आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. प्रोपेन तर सरळ पेट घेतो. तापमानवाढीच्या हिशेबात आर-३२चा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ किलोंइतका जड पडतो. ७०० ग्रॅम गॅस गच्चीवर सोडला की पावणेपाचशे किलोंची भर पडते. हे सारे ठाऊक असूनही जुनी सवय टिकली याचे कारण सोपे आहे: पंप लावला की अर्धा-पाऊण तास जातो आणि एप्रिलमध्ये दिवसाला अनेक एसी बसवायचे असतात.

आउटडोअरमध्ये भरून आलेला गॅस ठरावीक लांबीच्या नळीला पुरतो. त्यापुढे दर मीटरमागे काही ग्रॅम वाढवायचे, तेही वजनकाट्यावर मोजून. आउटडोअर गच्चीवर आणि खोली खाली असेल तर उभ्या नळीला मध्ये यू आकाराचा फास देतात, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल खाली साचून न राहता वर परततं.

नव्या फ्लॅटमध्ये इंटिरियरच्या वेळी भिंतीत नळ्या पुरून ठेवतात. दिसायला सुरेख, पण इथे एक हमखास चूक होते: टोके उघडी राहतात. एसी येईपर्यंतच्या महिन्यांत पीओपीची भुकटी, पावसाचे थेंब आणि कुंभारमाशीचे मातीचे घर, यांतले काहीही आत जाऊ शकते. टोक चेपून ब्रेझ करावे किंवा निदान टोपी लावून टेप गुंडाळावी. भिंतीच्या आत सांधा मात्र कधीच ठेवू नये.

‘दर उन्हाळ्यात थोडा गॅस भरून घ्यावा लागतो’ ही समजूत घरोघरी आहे. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. गळती न शोधता वरचेवर भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. मात्र गळतीचे मूळ दर वेळी सांध्यातच असते असे नाही. अपवाद समुद्रकाठचा आणि नाल्याकाठचा. तिथल्या खाऱ्या किंवा हायड्रोजन सल्फाइड मिसळलेल्या हवेने तांबे आपोआपही खंगते, आणि दोष कारागिराचा नसतो.

भाड्याचे घर बदलताना एसीही सोबत निघतो. तेव्हा यंत्र थंडीवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात. सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा झाला की जाड नळीचाही बंद करून यंत्र लगेच थांबवतात. याला पंपडाउन म्हणतात. या वेळी सैल सांध्यातून हवा आत ओढली गेली तर तेल आणि हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबाखाली पेटून तो फुटू शकतो, म्हणून त्या काही मिनिटांत कुणी नटांना हात लावायचा नसतो. नव्या घरी जुना कर्णा पुन्हा न वापरता कापून टाकतात आणि नवा फुलवतात. दर बदलीला नळी बोट-दोन बोटे आखूड होते, आणि तिसऱ्या-चौथ्या घरी ती आउटडोअरपर्यंत पोचेनाशी होते.