काड्यांचे गठ्ठे आम्ही बांधून का देत नाही

मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवायची आमची काड्यांची पेटी घरी पोहोचली की दोन-चार दिवसांत फोन येतो. "काड्या सगळ्या सुट्ट्याच आल्यात. दहा-दहाचे गठ्ठे बांधून द्यायचे राहिले का?" राहिले नाहीत. मुद्दाम बांधत नाही. रोज तेच सांगून घसा बसतो, म्हणून आता प्रत्येक पेटीत हा कागद घालतो आहोत. काड्या बाहेर काढण्याआधी पाच मिनिटं काढून वाचावा, ही विनंती.

पेटीत 120 बांबूच्या काड्या, 15 रबर आणि एक कापडी पिशवी आहे. पहिल्या दिवशी मुलाला एवढंच सांगा, की दहा मोज आणि रबर लाव. बारा गठ्ठे व्हायला अर्धा तास लागेल. रबर निसटेल, काड्या पलंगाखाली जातील, एखाद्या गठ्ठ्यात नऊच येतील. येऊ द्या. 'एक दशक म्हणजे दहा एकक' हे वाक्य मूल शाळेत घडाघडा म्हणतं, पण स्वतः दहा मोजून रबर आवळल्यावर ते त्याच्या हाताला कळतं.

आता ज्या चुकीमुळे पेट्या परत येतात, ती. आपण हौसेने गठ्ठे बांधता आणि ते सुटू नयेत म्हणून वर सेलोटेप गुंडाळता. एका ताईंनी तर गोंद लावून बाराही गठ्ठे पक्के केले होते, वर रंगीत कागद. दिसत होते छान. महिन्याने त्यांची तक्रार आली, की मुलीला बेरीज जमते, वजाबाकी मात्र अजिबात जमत नाही. जमणार कशी? वजाबाकीत गठ्ठा सोडावा लागतो आणि तो सुटण्याची सोयच उरली नव्हती.

52 − 27 घेऊ. कागदावर बरीच मुलं 35 लिहितात. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढून मोकळी होतात. आपण रागावतो आणि "शेजारच्याकडून एक उसना घे" असं सांगतो. मूल पाचाचे चार करतं, दोनाच्या डोक्यावर एक लिहितं, उत्तर बरोबर येतं. पण उसना घेतलेला तो एक इकडे येताना दहा कसा झाला, हे त्याला विचारून बघा.

हेच काड्यांवर करा. पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. "मला सत्तावीस दे." मूल दोन गठ्ठे देतं, मग दोन सुट्ट्या देतं आणि थांबतं. अजून पाच हव्यात. इथे आपण तोंड उघडायचं नाही, हात तर मुळीच पुढे करायचा नाही. काही मुलं लगेच रबर काढतात, काही दोन मिनिटं नुसती बघत बसतात, एखादं "काड्या संपल्या" म्हणतं. थांबा. ज्या क्षणी ते स्वतः रबर काढून गठ्ठा मोकळा करतं, त्या क्षणासाठी ही पेटी आहे. पाच काड्या देऊन झाल्यावर समोर दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या उरतात, पंचवीस. कागदावरची खाडाखोड त्यानंतर शेजारी करून दाखवा. पाचाचे चार का झाले, हे मग सांगावं लागत नाही.

बेरजेत याच्या उलट. 38 आणि 25 एकत्र केले की सुट्ट्या तेरा होतात. त्यातल्या दहांना रबर लागतं आणि एक नवा गठ्ठा हातात येतो. आपल्या जुन्या मास्तरांनी त्याला 'हातचा' म्हटलं, ते उगीच नाही.

काही जण विचारतात, की बाजारात लाकडाचे दशक-दांडे मिळतात, दहा खाचांचे, ते का नाही बनवत? आम्ही सुरुवातीला तेच विकत होतो. बनवायला सोपे, डब्यात नीट बसतात, आणि खरं सांगायचं तर नफाही त्यात जास्त होता. पण दांडा मोडता येत नाही. तो देऊन दहा ठोकळे बदली घ्यावे लागतात, आणि ती अदलाबदल खरी आहे हे सहा-सात वर्षांच्या मुलाला लगेच पटत नाही. दहाची नोट आणि दहा नाणी यांचंही तसंच आहे. ते जमायला हवंच, पण काड्यांनंतर.

बसायची जागाही सांगतो, कारण तीही चुकते. मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात तर त्याच्या डाव्या हाताचे गठ्ठे आपल्या उजवीकडे येतात आणि "गठ्ठे डावीकडे ठेव" या वाक्याचा घोळ होतो. मराठीत हा घोळ आधीच आहे. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र नंतर. म्हणून पुष्कळ मुलं 35 लिहून ठेवतात. 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकू येतं आणि लिहायचा असतो पाच. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. आम्ही त्या वादात पडत नाही. आमच्याकडे दोन्ही चालतं. गठ्ठे दाखवून 'पन्नास', सुट्ट्या दाखवून 'तीन', आणि मग सगळं मिळून 'त्रेपन्न'. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर 'फिफ्टी थ्री'ही त्याच काड्यांवर म्हणून घ्या.

"पेटीतच चूक आहे, उत्तर एकाने चुकतं," असाही फोन येतो. मागच्या पावसाळ्यात अशीच एक पेटी परत आली. मोजल्या तर काड्या पूर्ण 120, फक्त एका गठ्ठ्यात अकरा आणि दुसऱ्यात नऊ. तेव्हा आधी गठ्ठे मोजायला लावा. मुलाला दुसऱ्याची चूक शोधायला आवडतं, म्हणून कधीतरी मुद्दाम नऊचा गठ्ठा बांधून ठेवा.

पेटी कधी बंद करायची? मूल स्वतःच काड्यांकडे हात न नेता सांगायला लागलं की. तोवर बोटांवर मोजलं तरी ओरडू नका. 100 − 36 मात्र एकदा करून घ्याच. दहा गठ्ठे कापडी पिशवीत घालून शंभर करायचे, पिशवी उघडायची, मग त्यातला एक गठ्ठा सोडायचा. शून्यातून उसना कसा घ्यायचा, हे इथे सुटतं. पाढ्यांसाठी आमच्याकडे काही नाही. ते घोकूनच पाठ होतात.

शिक्षकांसाठी: चार मुलांत एक पेटी पुरते. तासाची शेवटची पाच मिनिटं गठ्ठे परत बांधायला ठेवा आणि एका गटाने दुसऱ्याचे तपासावेत. दहापेक्षा जास्त पेट्यांवर सवलत आहे, फोनवर बोलू.

आणि पेटीच घ्यायला हवी असंही नाही. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे आणि बियांवरच मुलांना शिकवलं. चिंचोके, खराट्याच्या काड्या, आइस्क्रीमच्या कांड्या, काहीही चालेल. फक्त एकसारखं हवं आणि कुसळ नको. आमच्या काड्या दोनदा घासलेल्या असतात, पैसे खरं तर त्याचेच आहेत.

रबर उन्हाळ्यात कडक होऊन तुटतात, तो दोष धरू नये. नवे 15 रबर फुकट पाठवतो, टपालखर्च तेवढा आपला. काड्या ओल्या झाल्या तर सावलीत वाळवा. गोंद किंवा सेलोटेप लावलेली पेटी परत घेता येणार नाही. फोन सकाळी 11 ते 1, रविवार सोडून.