कॅमेऱ्याला पाणी मुरताना दिसत नाही

हवाई छायाचित्रात दोन मैदानं शेजारीशेजारी दिसतात, दोन्ही हिरवीगार. एकावर खरं गवत, दुसऱ्यावर प्लास्टिकचं. साधं रंगीत छायाचित्र पाहणारा सहज फसेल. पण कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपणारा असेल, तर सोंग लगेच उघडं पडतं. जिवंत पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं आणि पानाच्या आतल्या पेशींची रचना अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते. प्लास्टिकला ही जोडी जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात हिरव्या रंगाआड लपवलेली ठिकाणं शोधायला जी खास फिल्म वापरली गेली, तिचं मर्मही हेच.

शहरातली किती जमीन पाणी मुरू देत नाही, हे अशा चित्रांवरून मोजताना पहिली चाळणी इथेच लागते. परत आलेल्या अवरक्त प्रकाशातून परत आलेला लाल प्रकाश वजा करायचा आणि उत्तराला दोघांच्या बेरजेनं भागायचं. येणारा आकडा उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. दाट हिरवळ १ च्या बाजूला झुकते. डांबर, काँक्रीट, पत्रे शून्याच्या आसपास राहतात. खटाटोप कशासाठी, ते एका गच्चीवरून कळेल. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी जमतं. मातीनं त्यातलं बरंच पोटात घेतलं असतं. गच्चीवरचं जवळजवळ सगळं वाहून जातं, आणि अशा हजारो गच्च्या एकाच वेळी गटारात रिकाम्या होतात.

हिरवं वेगळं निघालं, आता उरलेलं सगळं बांधकाम, असं वाटेल. खरी पंचाईत इथून पुढे. उरलेल्यात उघडी मातीही असते, आणि कौल म्हणजे तरी काय, भाजलेली मातीच. काँक्रीटमध्ये वाळू, खडी आणि चुनखडीपासून केलेलं सिमेंट. नांगरलेलं कोरडं शेत आणि सिमेंटचं अंगण यांच्यात कॅमेऱ्याला मोठं साम्य दिसतं, यात त्याचा फारसा दोष नाही. नवं डांबर इतकं काळं असतं की सावली किंवा पाणी वाटावं. जुनं झालं, वरची खडी उघडी पडली, की तेच राखाडी होतं.

यावर उपाय म्हणजे एकाच जागेची वेगवेगळ्या ऋतूंतली चित्रं. पावसानंतर माती हिरवी होते, काँक्रीट होत नाही. मात्र झाडं पानांनी भरली की त्यांच्याखालचे रस्ते झाकले जातात. म्हणजे माती ओळखायला हिरवाई हवी आणि रस्ते शोधायला पानगळ! एकाच उड्डाणात दोन्ही साधत नाही. लेझरनं उंची मोजणारं लायडार जोडीला असेल, तर निदान छप्पर कोणतं आणि अंगण कोणतं हा वाद मिटतो.

किती उंचावरून पाहतो, यानंही खूप फरक पडतो. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका साधारण ३० मीटर लांब-रुंद असतो. तेवढ्यात घर, बाग, रस्त्याचा तुकडा सगळं मावतं आणि ठिपक्याचा रंग म्हणजे त्यांची खिचडी. संशोधक मेरिल रिड यांनी १९९५ मध्ये सुचवलं, की शहरातला प्रत्येक ठिपका वनस्पती, पाणी न मुरणारा पृष्ठभाग आणि माती यांचं मिश्रण मानावा आणि प्रत्येकाचा वाटा काढावा. मला ही कल्पना तिच्या प्रामाणिकपणासाठी आवडते: ठिपक्याला एकच नाव द्यायचा हट्ट नाही. विमानातून १०-२० सेंटिमीटरचे ठिपके मिळतात, तेव्हा खिचडी बरीच कमी होते, पण इमारतींच्या सावल्या आणि कलती दिसणारी छपरं ही नवी डोकेदुखी सुरू होते. आता हे काम बऱ्याचदा उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकाच्या न्यूरल जाळ्यांकडे असतं. त्यांतलं बरंच वापरलं जाणारं यू-नेट २०१५ मध्ये जीववैद्यकीय चित्रांसाठी तयार झालं होतं. पेशीची कड शोधणारी युक्ती छपराची कड शोधायलाही चालली.

तरीही एक गोष्ट वरून कळतच नाही. गाड्यांनी दाबून टाकलेली मातीची जागा नकाशात ‘माती’ असते, पण पाणी तीत जेमतेम शिरतं. उलट फटी ठेवून बसवलेली फरशी ‘फरसबंदी’ म्हणून मोजली जाते, आणि फटींतून पाणी मुरत राहतं. शिवाय एका छपराचं पाणी थेट गटारात जातं, शेजारच्याचं बागेत. वरून दोन्ही छपरं सारखीच.

जर्मनीत हा प्रश्न पैशाचा आहे. तिथल्या अनेक शहरांत पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं शुल्क झाकलेल्या जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरतं. बर्लिनमध्ये २००० सालापासून तसं आहे. क्षेत्रफळ काढायला हवाई छायाचित्रांचा आधार घेतला जातो. आणि पुष्कळ ठिकाणी मालकाला एक अर्जही भरावा लागतो: या छपराचं पाणी कुठे जातं?