दमास्कसची ती नक्षी कोरलेली नाही

सीरियातल्या दमास्कसच्या उस्मानी (ऑटोमन तुर्की) काळातल्या वाड्यांचे फोटो आले की खाली ठरलेली ओळ असते: 'लाकडावरचं सोनेरी कोरीव काम'. लाकूड खरं, पण कोरीव नाही. आणि त्या सोनेरीतलं बरंचसं सोनंही नाही.

कोरीव काम म्हणजे काय हे आपल्याकडच्या वाड्यांचे खांब पाहिलेल्यांना सांगायला नको. पटाशी लाकूड काढते, उरते ती नक्षी.

दमास्कसच्या या कामाला 'अजमी' म्हणतात. ते नेमकं उलटं, तिथे नक्षी चढवतात. पॉप्लरच्या फळ्या ठोकायच्या, सांध्यांवर सरस लावून कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वर जिप्सम आणि सरसाचा अस्तर-थर द्यायचा. टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड थोपटून आराखडा उतरवायचा. मग जिप्सम-सरसाचा दाट घोळ कुंचल्याने रेषेवर सोडायचा. तो कुंचल्यातून ओघळला पाहिजे, पण फळीवर पसरता कामा नये. सरस जास्त झाला तर वाळताना थर आकसून तडकतो आणि फळीपासून सुटतो. कमी पडला तर भुसभुशीत राहतो, बोटाला पांढरं लागतं. ओल लागली की सरस मऊ पडतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसणं हा या कामावरचा अत्याचार आहे.

ओळखायचं कसं? घोळाच्या कडा गोलसर, पटाशीच्या कडा धारदार. टवका उडालेली जागा शोधा: आत पांढरं दिसलं तर अजमी, लाकडाचे रेषे दिसले तर कोरीव.

आता सोन्याचं. उठवलेल्या नक्षीवर अनेकदा कथिलाचा वर्ख असतो आणि त्यावर पारदर्शक पिवळं रोगण, म्हणून तो सोन्यासारखा दिसतो. लाल किंवा हिरवं रोगण दिलं की रत्नासारखी झळाळी येते. खरं सोनंही वापरतात. शेजारचा अंड्याच्या बलकातला रंग मुद्दाम निस्तेज ठेवलेला असतो. चकाकी आणि निस्तेजपणाची ही जोडी म्हणजे अजमीचा जीव. पुढच्या पिढ्यांनी सरसकट वार्निश फासून तोच घेतला. खोल्या तपकिरी झाल्या. ते वार्निश स्पिरिटने उतरवताना मूळ रंगीत रोगणही निघून येऊ शकतं, आणि उघड्या कथिलाला मग कुणीतरी चांदी म्हणतं.

मराठा राजांच्या काळात बहरलेल्या तंजावर चित्रांतही लेप उठवून वर्ख लावतात, त्यामुळे आपल्या डोळ्याला हे परकं वाटू नये. तिथे मात्र चमक सोन्याच्या वर्खाचीच असते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली दमास्कसची खोली (हिजरी १११९, म्हणजे १७०७) अजमीची आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली सुलतान तिसऱ्या अहमदची फळांची खोली (१७०५) मात्र सपाट रंगकामाची. तिला अजमी म्हणणंही तितकंच चूक. शंका असेल तर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरा: सपाट रंगाची सावली पडत नाही, अजमीची मऊ पडते, कोरीवाची कातरल्यासारखी.