एलिस आयलंडवर नावं बदलली जात होती का?

"पणजोबांचं आडनाव एलिस आयलंडवरच्या कारकुनाने बदललं," असं अनेक अमेरिकी घरांत सांगतात. एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं, जहाजाने येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी करणारं तेव्हाचं केंद्र. नाव खरंच बदललेलं असतं, म्हणून ते पटतंही.

पण ते केंद्र उघडलं १८९२ साली. त्याआधी आलेला पूर्वज तिथे उतरलाच नसणार. शिवाय प्रवाशांची यादी जहाज कंपनीचे लोक निघतानाच्या बंदरावर करत. एलिस आयलंडवरचा अधिकारी तीच समोर ठेवून प्रश्न विचारी, मदतीला दुभाषे असत. नवं नाव बहुधा नंतर लोकांनी स्वतःच घेतलं, कधी नोकरीसाठी, कधी शेजाऱ्यांना उच्चारता यावं म्हणून.

पडताळायला जहाजाची यादी, नागरिकत्वाचे कागद आणि जनगणनेच्या नोंदी तारखेनुसार लावा. १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१च्या आगीनंतर उरले नाहीत, तेव्हा १८८० आणि १९००च्या नोंदी बघा.