प्रश्नमंजुषेतील प्रश्नरचना

शालेय व महाविद्यालयीन स्पर्धांत तोंडी विचारायचे प्रश्न रचण्याचे तंत्र. परीक्षेतला प्रश्न पुन्हा वाचता येतो; मंजुषेतला एकदाच कानावर पडतो, तोही बझरवर बोट ठेवलेल्या मुलाच्या. या तंत्रातले बहुतेक नियम एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

भारतात खुल्या प्रश्नमंजुषांची सुरुवात 1967 मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी केली, असे मानतात. 1972 मध्ये सुरू झालेल्या बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टने हा खेळ रेडिओवरून घरोघरी नेला. आपल्याकडे प्रश्न एका संघाला विचारतात. उत्तर आले नाही, तर तो पुढच्या संघाकडे जातो. अमेरिकी विद्यापीठांत प्रश्न चालू असतानाच कोणीही बझर दाबू शकतो. काही स्पर्धांत लवकरच्या बरोबर उत्तराला 15 गुण, नंतरच्याला 10, आणि मध्येच तोडून चुकल्यास 5 वजा. म्हणून तिथे आधी आडवळणाची खूण आणि शेवटी सर्वांना ठाऊक असलेली, अशी उतरण ठेवतात. या रचनेला पिरॅमिड म्हणतात.

ग्वाल्हेरचे एक उदाहरण घेऊ. ‘ग्वाल्हेरच्या कोणत्या मंदिरात शून्य कोरलेले आहे?’ हा पाठांतराचा प्रश्न आहे. लष्कर भागातली मराठी मुले ‘चतुर्भुज’ म्हणून मोकळी होतात. तोच प्रश्न असाही विचारता येतो : ‘हा अंक ओळखा. विष्णूच्या एका मंदिराला दिलेली फुलबाग दोनशे सत्तर हात लांब आणि एकशे सत्त्याऐंशी हात रुंद होती. तिच्यातून देवाला रोज पन्नास माळा जायच्या. तिथल्या इ.स. 876 च्या शिलालेखात बागेच्या लांबीत आणि माळांच्या संख्येत हा अंक आहे, रुंदीत नाही.’ ज्याने शिलालेखाबद्दल वाचले आहे, तो ‘फुलबाग’ ऐकताच बझर दाबेल. ज्याने वाचलेले नाही, त्याला ‘दोनशे सत्तर’ आणि ‘पन्नास’ या शब्दांत शून्य ऐकूच येत नाही. त्याने कागदावर 270, 187, 50 असे लिहिले, तर मात्र ते समोर उभे राहते. माहिती नसलेल्यालाही विचार करून उत्तरापर्यंत पोचता यावे, ही प्रश्नाची खरी परीक्षा.

याच प्रश्नात एक खड्डाही आहे. ‘जगातले सर्वांत जुने शून्य’ असे लिहिण्याचा मोह ग्वाल्हेरकराला हमखास होतो, पण कंबोडियातील संबोर येथील शिलालेखात शून्याचा ठिपका आहे आणि त्याचा काळ इ.स. 683. गावचा अभिमान भाषणात शोभतो, उत्तरपत्रिकेत नाही.

उत्तर एकच असावे, हा नियम सगळे सांगतात आणि बहुतेकजण मोडतात. ‘ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे कोण?’ असे विचारले, तर 1886 ते 1925 या काळात गादीवर असलेले महाराज की रेल्वेमंत्री झालेले त्यांचे नातू? ‘राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला कोणत्या तारखेला धारातीर्थी पडल्या?’ याला 17 आणि 18 जून 1858 अशी दोन्ही उत्तरे छापील मिळतात. असा प्रश्न आला की सभागृहात वाद, परीक्षकांची कुजबुज आणि शेवटी दोन्ही संघांना गुण. त्यापेक्षा ग्वाल्हेरच्या फुलबाग भागातल्या समाधीवरून, ती कोणाची, एवढेच विचारावे.

मराठीतून प्रश्न रचणाऱ्याची एक अडचण इंग्रजीवाल्याला नसते. मराठीत ‘कोण’, ‘कुठे’ आणि क्रियापद वाक्याच्या शेवटाकडे येतात. लांब वाक्यात माणूस विचारला आहे की गाव, हे ऐकणाऱ्याला अखेरपर्यंत कळत नाही, आणि तोवर अर्धे तपशील निसटलेले असतात. म्हणून ‘या राजाने’, ‘या गावात’, ‘हा अंक’ असे शब्द पहिल्याच वाक्यात घालतात.

परीक्षकांसाठीच्या उत्तरपत्रिकेत नुसते उत्तर लिहून भागत नाही, ग्राह्य पर्यायही लिहावे लागतात. ग्वाल्हेरात तर हे अटळच : घरात ‘शिंदे’ म्हणणारे मूल शाळेत ‘सिंधिया’ शिकते, आणि बझर दाबल्यावर तोंडातून काय निघेल याचा भरवसा नसतो. दोन्ही नावे आधीच कागदावर असली, की परीक्षकांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.